एकशे साठ चौरस फुटांचा वारसा

'वारसा' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळची लेणी येतात, कार्ल्याचे चैत्यगृह येते, रायगड येतो. मुंबईपुरते बोलायचे तर बोरीबंदरचे स्टेशन आठवते. त्या स्टेशनाला २००४ साली आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. परंतु या स्टेशनात रोज उतरणारा, या शहराच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे चालवणारा कामगार रात्री कोठे पाठ टेकत होता, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर कोणत्याही यादीत सापडत नाही. ते उत्तर म्हणजे चाळीतली एक खोली. दहा-बारा माणसांचा संसार, एक मोरी, एक पोटमाळा आणि दारावर निळ्या रंगात लिहिलेला नंबर.

आम्ही पेशाने बँकेतले कारकून. कला शाखेची पदवी घेतली तेव्हा इतिहास हा विषय होता, एवढीच काय ती आमची या विषयातील पात्रता. मात्र आमचा जन्म आणि वाढ नायगावच्या बी.डी.डी. चाळीत झाली. ज्या खोलीने आमच्या तीन पिढ्यांना आसरा दिला तिच्याविषयी, आणि तिच्यासारख्या हजारो खोल्यांविषयी, आपल्या सोसायटीच्या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. विद्यार्थी मित्रांनी हा लेख विशेष लक्षपूर्वक वाचावा ही विनंती. कारण त्याच्या शेवटी त्यांच्यासाठी एक काम आहे.

प्लेगमधून आलेली चाळ

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुराडी उभी राहिली आणि कोकण, घाट, देश अशा सर्व बाजूंनी माणसे मुंबईकडे वळली. गिरणीमालकांना कामगार हवे होते, पण कामगारांच्या घराची जबाबदारी क्वचितच कोणी घेतली. झावळ्यांच्या झोपड्या, अंधाऱ्या गल्ल्या आणि खासगी मालकांच्या कोंदट चाळी हीच कामगारांची वस्ती होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले. गिरण्यांचे साचे थांबू लागले, गोदीत माल पडून राहू लागला. कामगाराच्या घराचा प्रश्न हा सगळ्या शहराच्या जिवाचा आणि व्यापाराचा प्रश्न आहे, हे राज्यकर्त्यांना तेव्हा कळले. करुणेपोटी नव्हे, तर भीतीपोटी १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन करण्यात आला. याच ट्रस्टने बांधलेल्या चाळी म्हणजे बी.आय.टी. चाळी होत.

ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि आग्रीपाडा, नागपाडा, परळ, माझगाव अशा ठिकाणी चाळी उभ्या केल्या. मात्र पाडलेली घरे अधिक आणि बांधलेली कमी, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला होता. ज्यांच्या झोपड्या गेल्या त्यांतील अनेकांना नव्या चाळीचे भाडे परवडले नाही आणि ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागले. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला आणि चाळींचा कारभार पालिकेकडे आला.

बी.डी.डी. म्हणजे काय?

आमच्या लहानपणी 'बीडीडी' हे आम्हाला एखाद्या गावाचे नाव वाटे. त्याचा अर्थ 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे पुष्कळ उशिरा समजले. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई पराकोटीला गेली, भाडी भडकली. त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये हे खाते काढले. बॅक बे येथे समुद्रात भराव घालणे आणि कामगारांसाठी घरे बांधणे, अशी दोन्ही कामे या एकाच खात्याकडे होती. समुद्र बुजवण्याच्या कामात पैशाची अशी नासाडी झाली की बॅरिस्टर के. एफ. नरिमन यांनी त्यावर जाहीर कोरडे ओढले.

घरांसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे इमारतीत ऐंशी बिऱ्हाडे. एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, जे त्या काळी नवलाईचे होते.

या खोल्या भरायलाही वेळ लागला. भाडे कामगाराच्या पगाराच्या मानाने जास्त, हवा-उजेड कमी, आणि वरळीसारखे ठिकाण गिरण्यांपासून लांब. त्यामुळे अनेक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून होत्या. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना ठेवण्यासाठी वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला होता. कामगाराचे घर आणि कैद्याची कोठडी यांत बांधणाऱ्याला फारसा फरक करावा लागला नाही, यातच त्या रचनेचे सार आले.

खोली कशी वाचावी?

राजवाडा पाहताना मार्गदर्शक आपल्याला दरबार, तख्त, दारूगोळा दाखवतो. कामगाराची खोली पाहायची तर काय पाहावे? आम्ही आमचीच खोली डोळ्यांपुढे आणतो.

दारातून आत शिरले की एका कोपऱ्यात मोरी. तिथेच भांडी, तिथेच आंघोळ, तिथेच पाण्याचे पिंप. त्याला लागून ओटा, पूर्वी चूल आणि नंतर स्टो. भिंतीवर फळ्या आणि त्यांवर घासूनपुसून लख्ख केलेली पितळी भांडी. वर पोटमाळा. त्यावर ट्रंका, वळकट्या आणि परीक्षेच्या दिवसांत एखादा विद्यार्थी. समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. रात्री खाट फक्त आजारी माणसाला किंवा रात्रपाळी करून आलेल्याला. बाकीचे जमिनीवर आणि तरुण मुले बाहेर बोळात.

गावाकडून एकटे आलेले पुरुष तर एका खोलीत पंधरा-वीस राहत. त्याला 'गाळा' म्हणत. एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरी पाळी त्याच अंथरुणावर झोपे. जेवण खाणावळीत. गावकीची मंडळे, गावच्या शाळेसाठी वर्गणी, मयताला मदत असे सारे या गाळ्यांतून चाले. कोकणातली कित्येक घरे गाळ्यातून आलेल्या मनिऑर्डरीवर उभी राहिली.

खोलीच्या बाहेर मधोमध लांब बोळ आणि दोन्ही अंगांना दहा-दहा दारे. संडास सामाईक. सकाळी डबडे घेऊन लागणारी रांग हा विनोदाचा विषय झाला आहे. परंतु त्या रांगेत गरोदर स्त्रीचे, म्हाताऱ्या आजीचे आणि वयात येणाऱ्या मुलीचे काय हाल होत, ते ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. आमच्या आजीला गुडघेदुखीने चालवत नसे. रात्री उठायला लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणी पीत नसे. 'चाळसंस्कृती'चे गोडवे गाताना आम्ही हे विसरू नये.

तथापि हेही खरे की खोली एवढी लहान होती म्हणूनच माणसे बाहेर आली. खोलीत मावत नव्हते ते सारे बोळात, जिन्यात आणि मैदानात मांडावे लागले. अभ्यास, भजन, बैठक, भांडण, बारसे, लग्न आणि सभा, सर्व काही. आमच्या मते चाळीचा वारसा भिंतींत जेवढा आहे त्याहून अधिक या बाहेर आलेल्या जगण्यात आहे.

पोयबावडीच्या दोन खोल्या

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या सर्वांच्या हृदयात आहे. सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईस आले तेव्हा लोअर परळच्या डबक चाळीत त्यांनी एक खोली घेतली. त्या एका खोलीत सारा संसार, धूर आणि गलबला. म्हणून बाबासाहेब लवकर निजत आणि रामजीबाबा त्यांना पहाटे दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत. पुढे हे कुटुंब परळ पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक एकमध्ये आले. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत १९१२ ते १९३४ असा बाबासाहेबांचा मुक्काम मानला जातो. एक खोली संसाराची आणि एक वाचन-लेखनाची.

या बावीस वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. १९१३ मध्ये याच काळात रामजीबाबा गेले. बाबासाहेब अमेरिकेस आणि नंतर इंग्लंडला गेले, तेव्हा मागे राहिलेल्या रमाईंनी हालअपेष्टांचे दिवस काढले. पाच अपत्यांपैकी चार या मातापित्यांनी गमावली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, आणि १९३० मध्ये गोलमेज परिषदेला जाणारे बाबासाहेब याच चाळीचे रहिवासी होते. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटायला या चाळीत आले होते. राजा चाळीचा जिना चढून आला ही घटना त्या काळात किती मोठी असेल, याची आज कल्पना करणेही कठीण आहे.

२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनमधील ते घर विकत घेतले, जेथे बाबासाहेब विद्यार्थिदशेत १९२१-२२ च्या सुमारास राहिले होते, आणि तेथे स्मारक झाले. दादरचे 'राजगृह' तर आपले तीर्थस्थानच आहे. ही स्मारके व्हायलाच हवीत. परंतु बाबासाहेबांच्या आयुष्याची दोन दशके ज्या जिन्यावर चढली-उतरली, ती चाळ त्यांच्या लंडनच्या मुक्कामाइतकीच बोलकी आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे काही अनुयायी वाट वाकडी करून तेथेही माथा टेकून जातात. त्यांना वारसा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागले नाही.

बोळातली शाळा

दुसरे उदाहरण वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा तरुण मुंबईत आला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना तो समता सैनिक दलात आला आणि तेथेच एका मास्तरांकडून लिहायला-वाचायला शिकला. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले, आणि पुढे त्यांची गाणी खेड्यापाड्यांत जाऊन पोहोचली. ज्या माणसाने लाखोंना बाबासाहेब सांगितले, त्याची शाळा ही चाळ होती.

नायगावचे तर काय सांगावे! ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषद नायगावलाच भरली आणि 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध असलेले धर्मांतराविषयीचे भाषण बाबासाहेबांनी तेथे केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात गिरणगावातील कामगार बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी यांच्या एकत्रित हाकेवर उभा राहिला. या सभांना जाणारे श्रोते पाळी सुटल्यावर खोलीत डबा ठेवून, तोंडावर पाणी मारून थेट मैदानात जात. सभेचा वृत्तांत रात्री बोळात बसून, ज्याला वाचता येई त्याने मोठ्याने वाचून दाखवायचा, ही पद्धत आमच्या वडिलांच्या लहानपणापर्यंत होती.

वारशाची दुसरी बाजू

वारसा सांगताना फक्त गोड ते सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावची वेस ओलांडून मुंबईत आलेल्या आपल्या माणसांना येथेही जात भेटली. गिरणीत साचे खात्यात पगार चांगला. परंतु धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्याला उष्टे लागेल, विटाळ होईल, या कारणाने अस्पृश्य कामगाराला साचे खात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. आमचे आजोबा आयुष्यभर रिंग खात्यात राहिले, ते काही आवडीने नव्हे.

चाळींतही वस्ती बव्हंशी जातवार आणि गाववार झाली. कोणती इमारत कोणाची, हे मुलांनाही ठाऊक असे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली. १० जानेवारी रोजी परळला निघालेल्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव हा तरुण ठार झाला. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांच्या आयोगाने या दंगलीची चौकशी केली. एकाच मापाच्या, एकाच भाड्याच्या खोल्यांत राहणारी, एकाच भोंग्यावर उठणारी माणसे एकमेकांच्या जिवावर उठली. म्हणजे घर समान झाले तरी मन समान होत नाही, हा धडाही याच भिंतींनी दिला. मैत्री आणि करुणा यांची गरज ज्यांना पुस्तकी वाटते त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

भोंगा थांबला, आता भिंती चालल्या

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आम्ही तेव्हा रांगत होतो. संप मिटलाच नाही, गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि त्यांच्या जमिनीवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. आमच्या वडिलांनी नंतर पहारेकऱ्याची नोकरी केली. आईने घरी बसून मसाले कांडले आणि विकले. खोलीचे भाडे नाममात्र होते म्हणूनच आम्ही तिघे भावंडे शिकलो. बँकेची परीक्षा आम्ही पोटमाळ्यावर पालथे पडून दिली, असे म्हटले तरी चालेल.

स्वातंत्र्यानंतर बी.डी.डी. चाळी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होत्या. काँक्रीट झिजले, सळया उघड्या पडल्या. २०१७ मध्ये म्हाडामार्फत पुनर्विकासाचा पाया घातला गेला. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर, अशी ही योजना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना घराच्या चाव्या मिळाल्या.

या बदलाला आमचा विरोध नाही, उलट आनंद आहे. आजीच्या गुडघ्यांची आठवण असलेला कोणताही माणूस 'चाळ तशीच ठेवा' असे म्हणणार नाही. घराच्या आत संडास असणे ही माणसाच्या प्रतिष्ठेची गोष्ट आहे. वारसा जपण्यासाठी कामगारानेच गैरसोयीत राहावे, असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. प्रश्न एवढाच की भिंत पडली तरी तिच्या आत घडलेले टिकवता येते की नाही?

येते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात पाठीला पाठ लावून बांधलेली कामगारांची बारकी घरे हजारोंनी होती. ती जवळजवळ सर्व पाडली गेली. परंतु एका अंगणाभोवतीची शेवटची काही घरे तेथील नॅशनल ट्रस्टने जपली आणि २००४ मध्ये लोकांसाठी खुली केली. प्रत्येक घर त्यात वेगवेगळ्या काळी राहिलेल्या कुटुंबाप्रमाणे मांडले आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १८४४ मध्ये बांधलेल्या चार लहान घरांची रांगही अशीच संग्रहालय म्हणून ठेवली आहे. तेथे सोन्याचे सिंहासन नाही. आहे ती चूल, धुण्याची जागा, मुलांची बिछान्याची घडी. तरीही लोक तिकीट काढून जातात, कारण त्यांना तेथे आपली आजी भेटते.

आमच्या हातून झालेली चूक

ही घरे टिकली, कारण तेथे कोण राहिले, काय करत होते, भाडे किती देत होते, याचे कागद आणि आठवणी कोणीतरी सांभाळल्या होत्या. आमच्याकडे काय झाले ते लाज सोडून सांगतो.

आमची खोली रिकामी करण्याची वेळ आली तेव्हा पोटमाळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात दोऱ्याने बांधलेले कागदांचे गठ्ठे होते. भाडेपावत्या, गिरणीचा बिल्ला, रेशनकार्डे, कुठली तरी वर्गणीची वही. पात्रतेसाठी लागणारे कागद आम्ही वेगळे काढले. आम्ही बँकेतले, त्यामुळे कोणता कागद 'कामाचा' हे आम्हाला कळते, असा आमचा समज. बाकी सर्व रद्दीवाल्याला दिले. संध्याकाळी आईने विचारले, "अरे, आबांच्या पावत्या कुठे ठेवल्यास?" आम्ही सांगितले. ती काहीच बोलली नाही. जेवली मात्र नाही.

पुढे तसबिरी पुसताना एका चौकटीच्या मागे घडी घातलेली एकच पावती सापडली. डिसेंबर १९५६ ची. तिच्या पाठीवर पेन्सिलीने, वाकड्या अक्षरात तारीख होती, '७-१२-५६', आणि खाली एक शब्द, 'बौद्ध'. त्या दिवशी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या पार्थिवापुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी अपार जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या समुदायात आमचे आजोबा होते, हे आम्हाला घरात कोणी कधी सांगितले नव्हते. त्यांनी त्याची नोंद आपल्या खोलीच्या पावतीवर करून ठेवली होती. बाकीच्या पावत्यांच्या पाठीवर काय होते, ते आता कधीच कळणार नाही. रद्दीचे आम्हाला चाळीस रुपये मिळाले होते.

तेव्हा काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, आमची चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे काम सांगतो. शंभर पानांची एक वही घ्या. तिला 'खोलीची वही' म्हणा. आजी-आजोबा, आत्या, काका, शेजारच्या काकू यांच्याजवळ बसा आणि लिहा.

१. या खोलीत पहिले कोण आले, कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणाच्या ओळखीने?
२. कोणत्या गिरणीत, गोदीत, कारखान्यात, कोणत्या खात्यात काम होते? पगार किती, भाडे किती?
३. एका वेळी खोलीत जास्तीत जास्त किती माणसे राहिली? कोण कोठे झोपत असे? त्याचा नकाशा काढा.
४. घरात पहिले कोण शिकले? अभ्यास कोठे बसून केला?
५. स्त्रियांनी काय कामे केली? हा प्रश्न स्त्रियांनाच विचारा, त्यांच्या वतीने पुरुषांनी उत्तर देऊ नये.
६. धम्मदीक्षा कोणी, केव्हा, कोठे घेतली? देव्हाऱ्यातले टाक त्या वेळी कोठे गेले?
७. १९७४ ची दंगल, १९८२ चा संप यांत घराचे काय झाले?

कागद फेकण्याआधी त्यांची पाठ पाहा. मोबाईलवर त्यांचे फोटो काढा, परंतु मूळ कागदही प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. फोटोच्या मागे नावे आणि साल लिहा, कारण फोटोतली माणसे ओळखणारे दरवर्षी कमी होत आहेत. सांगणाऱ्याचा आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. पूर्वी हे काम फक्त आकाशवाणीला जमत असे, आज प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे.

सोसायटीलाही आमची एक सूचना आहे. आपल्या वाचनालयात एक कपाट या वह्यांसाठी ठेवावे. ज्या कुटुंबांची तयारी असेल त्यांच्या वह्यांच्या प्रती तेथे जमा कराव्यात आणि दरवर्षी चौदा एप्रिलच्या सुमारास त्यांतील एकेक वही सभेत वाचावी. पन्नास वह्या जमल्या तरी तो मुंबईच्या कामगाराचा असा इतिहास होईल की जो कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

अजिंठ्याची लेणी कोरणाऱ्या हातांची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. दान देणाऱ्यांची नावे काही ठिकाणी कोरलेली आहेत. कार्ले, कान्हेरी, नाशिक येथील लेण्यांत तर व्यापारी, कारागीर, गृहस्थ आणि भिक्षुणी यांनी दिलेल्या दानाची नोंद दगडात आहे. एका खांबाचे दान, एका पाण्याच्या टाक्याचे दान, अशी साधी माणसे दोन हजार वर्षे आपल्याशी बोलत आहेत, कारण त्यांनी आपले नाव लिहून ठेवले. आमच्या आजोबांनीही लिहून ठेवले होते. आम्ही मात्र ते चाळीस रुपयांना विकले.

ती एक पावती आता आमच्या घरी तसबिरीच्या मागे नाही, पुढे आहे. घरी येणारी मुले विचारतात, हे काय? मग आम्ही त्यांना खोली क्रमांकापासून सांगायला सुरुवात करतो.

जयभीम! नमो बुद्धाय!